बोटीत कोणी उभं राहायचं नाही

आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली. आजा शाळेत गेलाच नाही, बाप सातवीत सुटला, आई सही करायला शिकली ती मी दुसरीत असताना, माझ्याच पाटीवर. मी बी.एस्सी. केलं, फिजिक्स घेऊन. शेवटचा पेपर दिला आणि तिसऱ्या दिवशी तलावावर बोटीची तिकिटं फाडायला लागले. हे सांगायची मला तेव्हा लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. लाज वाटली ती आत्याला.

"येवढी शिकली अन् तिकिटं फाडून राह्यली?" ती आमच्या ओट्यावर बसून म्हणाली.

"बसून नाई राह्यली नं, आत्या."

"लोक काय म्हनतीन?"

"लोक रविवारी माह्या खिडकीसमोर रांगेत उभे राह्यतात. तू पन ये. तुले पुढचा नंबर देईन."

आत्या त्या उन्हाळ्यात आली नाही. तिचं नुकसान झालं.

तलाव मानोऱ्याच्या पलीकडे, दोन डोंगरांच्या मधे बांध घालून केलेला. पाणी शेतीसाठीचं, बोटी एका ठेकेदाराच्या. त्याला आम्ही शेठ म्हणायचो. चार पायडल बोटी, एक मोटरबोट, निळ्या ड्रमांवर फळ्या ठोकून केलेला तरंगता धक्का, पत्र्याची तिकीट-खिडकी आणि बाजूला भेळेची गाडी. बस, एवढंच. उन्हाळ्यात पाणी मागे मागे सरकतं, म्हणून दर चार-पाच दिवसांनी धक्का सोडून खाली ओढावा लागायचा, गुडघाभर चिखलात उतरून. तेही माझ्याकडे होतं. शेठने मला घेतलं ते दोन गोष्टी बघून. माझं अक्षर चांगलं आहे आणि मला पोहता येतं. पोहायला मी आमच्या विहिरीत शिकले, पाठीला रिकामा डबा बांधून. बापाने वरून ढकललं आणि काठावर बसून बिडी पेटवली. तो घाबरला असता तर मी शिकले नसते.

मोटरबोट नावाडीकाका चालवायचे. साठीच्या पुढचे, काटक, सगळी हयात मासे धरण्यात गेलेली. त्या बोटीत दोन लांब बाक होते, समोरासमोर, पाच माणसं इकडे आणि पाच तिकडे. मागे इंजिन आणि इंजिनाला हातात धरायचा दांडा. दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. पहिल्याच आठवड्यात मी ठरवलं, तो दांडा मला पाहिजे. खिडकीतून दिवसभर दुसऱ्याला पाण्यात जाताना बघायचं आणि संध्याकाळी कोरड्या पायांनी घरी जायचं, हे काही मला जमण्यासारखं नव्हतं.

पण आधी माझ्या हातून एक माणूस पाण्यात पडला.

कामरगावकडचं एक कुटुंब आलं होतं. चार सुना, त्यांची पोरं, सासूबाई आणि सासरे. बोटीत चढवायचं काम धक्क्यावर माझं असायचं. सुना पुढे उभ्या होत्या म्हणून त्यांना आधी बसवलं, चौघींना एका बाकावर. लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले. मग सासऱ्यांना म्हटलं, या बाबाजी. सासऱ्यांनी एक पाय बोटीच्या काठावर ठेवला, दुसरा अजून धक्क्यावर. आणि मामंजी आले म्हटल्यावर चारही सुना डोक्यावर पदर घेत एकदम उठल्या.

घरी मामंजी ओसरीवर आले की उठतात, तशाच.

बोट हलली, धक्क्यापासून सरकली. सासऱ्यांचा एक पाय इकडे, एक तिकडे, मधली फट वाढत गेली आणि बाबाजी धपकन खाली गेले. पाणी कमरेएवढंच होतं. पण धोतर, टोपी आणि मान तिन्ही भिजले. त्यांना वर काढेपर्यंत सुना तशाच उभ्या. सासरा ओलाचिंब असताना बसायचं कसं?

"बसा नं आता!" नावाडीकाका ओरडले. "बुढा पडला तं पडला, तुमी कायले पडता!"

बाबाजी माझ्यावर चिडले नाहीत. धोतर पिळत म्हणाले, "पोरी, तुही चूक नाई. माह्या सुनाच लय संस्कारी निघाल्या." सासूबाई हसून हसून भेळेच्या गाडीजवळ जाऊन बसल्या.

चूक माझीच होती. वजन कुठे असलं की बोट कलते हे मला तीन वर्षं शिकवलं होतं, परीक्षेत मी त्यावर आकृतीही काढली होती. आकृतीतली वजनं कोणी आल्यावर उठून उभी राहत नाहीत, एवढंच. संध्याकाळी बोटीतलं पाणी उपसताना काका म्हणाले, "पान्यात सासरा काय अन् जावई काय, वजन ते वजनच."

"लोक उठनारच, काका. त्याइले उठू नका म्हटलं तं ऐकनार नाईत."

"मंग?"

"मंग सगळ्यात मोठं मानूस आधी बसवायचं. त्याच्यानंतर कोनी मोठं येतच नाई, तं उठन कोन?"

काकांनी उपसायचा डबा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं बोट चालवून हे आपल्याला कसं सुचलं नाही, असं काहीतरी त्यांच्या तोंडावर होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी खिडकीतूनच विचारायला लागले, "तुमच्यात सगळ्यात मोठं कोन हाय?" लोकांना वाटायचं मी मान देते. म्हातारी माणसं खूश व्हायची, काठी टेकत पुढे यायची. मी त्यांना मागे, इंजिनाजवळ बसवायची, मग वयाप्रमाणे बाकीचे, पोरं शेवटी मधे. आणि बोट काठाला लागताना आधीच ओरडून सांगायची, "ही एस्टी नाई! गाव दिसलं म्हनून उठू नका! मी नाव घेईन तोच उठन!" उरलेल्या उन्हाळ्यात कोणी पडलं नाही.

सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी काका मला रिकामी बोट चालवू द्यायचे. दांड्याचं उलटं वळण दोन दिवसांत हातात बसलं. अवघड होता तो वारा. तिसऱ्या प्रहरी दोन डोंगरांच्या मधून वारा उतरतो आणि पाण्यावर आडव्या लाटा येतात. अशा वेळी बोटीची कूस वाऱ्याला द्यायची नाही, तोंड द्यायचं, हे काकांनी मला वीस वेळा करायला लावलं. एकविसाव्या वेळी ते पुढच्या बाकावर डोळे मिटून पडले. मी समजले, जमलं.

मेच्या मध्यावर काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू. महिनाभर पाणी, धूळ, ऊन बंद. शेठला हे कळलं तेव्हा मी समोरच होते.

"काही टेन्शन नाई," शेठ म्हणाला. "माह्या साळ्याले बोलावतो. ट्रॅक्टर चालवते तो."

"अठी ट्रॅक्टर नाई, शेठ. मी चालवीन."

"तू?"

"काकाले विचारा."

काका म्हणाले, "चालवते. माह्याहून बरी चालवते, मले तं दिसतच नाई."

शेठ वाईट माणूस नव्हता. पण पोरीच्या हातात बोट दिली तर लोक बसतील का, ही त्याची खरी भीती होती आणि ती तो सरळ बोलत नव्हता. म्हणाला, "रिकामी चालवनं येगळं, भरली चालवनं येगळं. रविवारी एक भरली फेरी दाखव. मी सोता बसतो. पाह्यतो कशी चालवते ते. नाई जमलं तं साळा येईन, अन् मंग तू खिडकीतून हलायचं नाई."

मी हो म्हटलं. साळा एकदा आला की परत जाणार नाही, हे मला माहीत होतं. शेठच्या बायकोचा भाऊ तो. म्हणजे जे काही होतं ते त्या एका फेरीवर होतं.

रविवारी चार वाजता नेमकी जी पार्टी आली तिच्यात दोन इवाई होते, नवरदेवाचा बाप आणि नवरीचा बाप. लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता. सोबत दोघांच्या बायका, नवं जोडपं, एक मामा-मामी आणि नवरदेवाची आजी. नऊजण. दहावा शेठ, डाव्या बाकाच्या पुढच्या टोकाला.

मी विचारलं, सगळ्यात मोठं कोण. आजीबद्दल वाद नव्हता, ती येऊन माझ्याजवळ बसली. पुढे मात्र गाडी अडली.

"या इवाई, तुमी आधी," मुलीचा बाप म्हणाला.

"नाई नाई, तुमी मोठे."

"तुमी वराकडचे, मी कसा आधी बसू?"

"अहो मी तुमच्याहून दोन वर्षानं लहान हाओ!"

दोघंही धक्क्याच्या फळीवर, दोघंही मागे सरकतायत, आणि मागे पाणी. शेठ पुढून माझ्याकडे बघत होता, आता काय करते म्हणून.

मी म्हटलं, "एकमेकाचा हात धरा दोघं. धरला? आता इवाई, तुमी उजवा पाय टाका. अन् इवाई, तुमी डावा." दोघं एकदमच आत आले आणि समोरासमोर बसले. नवरीची आई तोंडाला पदर लावून हसली. बाकीचे मग भराभर बसले.

दोरी ओढली, इंजिन सुरू झालं. जाताना सगळं नीट गेलं. समोरच्या डोंगराच्या पायथ्याशी एक मोठा खडक आहे, त्याला वळसा घालून परत यायचं असतं. वळसा घेतला आणि वारा उतरला. लाटा आडव्या यायला लागल्या. नव्या नवरीने बाक घट्ट धरला. मी वेग कमी करून तोंड वाऱ्याकडे वळवायला घेतलं, आणि त्याच वेळी शेठचा फोन वाजला.

शेठने नाव बघितलं आणि ताडकन उभा राहिला. शर्टाचं वरचं बटन लावलं. एक हात छातीशी नेला.

"जी साहेब. नमस्कार साहेब."

ज्या ऑफिसातून बोटींचा परवाना मिळतो तिथला साहेब होता. शेठ बसून बोलूच शकत नव्हता. त्याच्या वजनाने बोट डावीकडे कलली, तिकडे नवरी आणि तिची आई बसली होती. एक लाट काठावरून आत आली.

"शेठ, बसा," मी म्हटलं.

त्याने मागे न बघता हाताने खूण केली, चाल तू.

मी पुढे नेली नाही. इंजिन मंद ठेवलं, तोंड वाऱ्याकडे धरलं आणि बोट जागच्या जागी थांबवली. डोक्यात दोन गोष्टी होत्या. एक, ज्याला मी खाली बसवणार त्याच्याच हातात माझं काम आहे. दोन, मालक उभा राहतो हे या नऊजणांनी बघितलं तर काठाजवळ सगळे उठतील, आणि मग मी कोणाचं नाव घेऊन काय उपयोग. दुसरी गोष्ट जड होती.

"शेठ, खाली बसा!" या वेळी मी चांगलं ओरडले. "तुमी बसल्याबिगर बोट हलनार नाई!"

शेठ वळला. चेहरा लाल, कानाला फोन. त्याने माझ्याकडे असं बघितलं की नवरदेवाने नजर पाण्याकडे वळवली. मी दांडा धरून तशीच बघत राहिले.

तेव्हा माझ्या शेजारची आजी बोलली. "बस नं लेका. तुहा साहेब काय फोनातून पाहून राह्यला काय?"

मामा आधी हसला, मग दोन्ही इवाई. शेठ बसला. पाठ ताठ, छातीवर हात तसाच, पण बसला. आणि "हो साहेब, बोटीत हाओ, साहेब," म्हणत राहिला. मी वेग वाढवला. काठाला आल्यावर एकेकाचं नाव घेतलं, एकेक उठलं. आजी उतरताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेली.

पार्टी भेळेच्या गाडीपर्यंत पोचेस्तोवर शेठ थांबला.

"दहा मानसाइसमोर माहा पानउतारा केला तू."

"नऊ. अन् त्याइले वाचवलं."

"मी पडलो असतो काय? मी? पंधरा वर्ष झाले मले या धंद्यात."

"तुमी नाई. नवरी पडली असती. तुमच्या बाजूनं होती ती."

त्याने खिशातून फोन परत काढला. मी जॅकेटं गोळा करत होते.

"साळ्याले नको म्हनून सांगतो," शेठ शेवटी म्हणाला. "पन एक आयक. आजपासून मी तुह्या बोटीत बसनार नाई."

"नका बसू. एक गिऱ्हाईक जास्त बसन."

हसला नाही तो. पण संध्याकाळी निघताना त्याने बोटीच्या साखळीची किल्ली खिडकीत माझ्या पुढ्यात टाकली. तिथेच खुंटीला लावली असती तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली फेरी. जऊळक्याकडचे दहा जण होते, सगळे पुरुष, कोणाच्या तरी कार्यक्रमाला आलेले. मी वयाप्रमाणे बसवले, जॅकेटं घातली, मागे जाऊन दोरी हातात घेतली. त्यातल्या एकाने इकडेतिकडे बघितलं.

"चालवनारा कुठी हाय?"

"अठीच हाय."

"कुठी?"

"मी."

त्यांनी एकमेकांकडे बघितलं. हळू आवाजात काही बोलणं झालं. मग डाव्या बाकावरचे दोघं म्हणाले, आम्ही काठावरच बरे. मी त्यांना उतरू दिलं, एकेकाला, नाव विचारून. मग उजवीकडच्या सगळ्यात जाड भाऊला डावीकडे बसवलं, बोट सरळ झाली का ते बघितलं, आणि दोरी ओढली.