मशीन बिघडवणारे धकाते सर

धकाते सर आमच्या आधी वर्कशॉपमध्ये येत आणि एक मशीन मुद्दाम बिघडवून ठेवत. कुठे वायर सैल, कुठे पट्टा उतरवलेला, कुठे फ्यूजच गायब. मशीन दुरुस्तीच्या कोर्सची आम्ही पोरंपोरी आलो की ते खुर्ची ओढून चहा पीत बसत. "मले विचारू नका. तिले विचारा, कुठं दुखते," एवढंच म्हणत.

पहिल्यांदा मोटरीचं झाकण काढायचं होतं तेव्हा मी पाना नुसताच बोल्टला टेकवून बसले. "काहून घाबरून राहिली वं? लाईन बंद केली ना? मंग ते लोखंड तुले खाते का?" सर गोड बोलणारे होते असं मी मुळीच म्हणणार नाही. चूक झाली तर चालायची, पण लपवली की दिवसभर तोंड बघत नसत. "मशीन बिघडल्याशिवाय मेकॅनिक घडत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मग कुठल्याशा कंपनीने आमच्या संस्थेला नवीकोरी पॅकिंग मशीन भेट दिली. संचालकांनी फीत कापली, फोटो काढले आणि मशीनवर प्लास्टिकचं कव्हर चढवलं. पाहुण्यांना दाखवायची आहे, कोणी हात लावायचा नाही, असा हुकूम निघाला. दुरुस्ती शिकायला आलेल्यांनी मशीनला हात लावायचा नाही. अक्कल गहाण टाकल्याशिवाय असला हुकूम सुचत नाही.

सरांनी चार वेळा विनंती केली. शेवटी एका सकाळी त्यांनीच कव्हर ओढून काढलं आणि आम्हाला म्हणाले, "खोला." दुपारी संचालक आले तेव्हा सगळे भाग जमिनीवर मांडलेले होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"धकाते, काय खराब करून ठेवलंत हे?"

"खराब नाही जी, खोलली आहे. संध्याकाळी चालू करून देतो."

संध्याकाळी मशीन चालली, अगदी सुरळीत. तरी दुसऱ्या दिवशी सरांना घरी बसवलं. कंत्राटी माणूस, त्याला काढायला कितीसा वेळ लागतो? आम्ही ऑफिससमोर बसलो, तर परीक्षेला बसू देणार नाही अशी धमकी मिळाली. सर स्वतः आले आणि आमच्यावरच ओरडले, "माह्यापायी वर्ष वाया घालवता का बे? उठा."

आम्ही उठलो आणि पास झालो. सर आता घरी गल्लीतल्या लोकांचे कूलर दुरुस्त करतात. त्या माणसाला कूलरच्या पंपाशी बसलेलं पाहिलं की माझं टाळकं फिरतं. ते संचालक मात्र अजून त्याच खुर्चीत आहेत.

मी मिहानमधल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. परवा आमची पॅकिंग मशीन बंद पडली. त्याच संस्थेतून पहिल्या वर्गात पास झालेली एक मुलगी नुकतीच कामाला लागली आहे. तिला म्हटलं, खोल. ती हात मागे बांधून उभी राहिली.

"संस्थेत आहे ना अशीच मशीन?" मी विचारलं.

"आहे ना मॅडम," ती म्हणाली. "दर दसऱ्याले आमी तिची पूजा करत होतो."