देवाचा बार आणि सोडणाचा बोळा

त्या शुक्रवारी सकाळी जाखुरावरची एकनळी बंदूक का फुटली, एवढ्या एका प्रश्नाचे उत्तर मला हवे होते. दोषी कोण, हा दुसरा प्रश्न. त्याची उत्तरे माझ्या आधीच सगळ्यांकडे तयार होती, आणि ती इतक्या झटपट तयार झाली याचाच मला प्रथम राग आला. कुवेतमध्ये मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो. आधी कारण, मग दोष, हा क्रम मी मुलांना फळ्यावर लिहून देतो. मोठ्या माणसांच्या बाबतीत ती सोय नसते.

जाखूर म्हणजे वाळवंटातला मेंढ्यांचा वाडा. हा वाडा ज्याचा, त्याला त्याची माणसे अरबाब म्हणत. मीही तेच म्हणेन. अरबाब तरुणपणी अमेरिकेत शिकला होता. तिथे कायोटी नावाचे कोल्ह्याच्या कुळातले जनावर असते. त्याच्या मागे तो मित्रांबरोबर बर्फातल्या शेतांतून हिंडला होता आणि काडतुसे घरच्या घरी भरायला तिथेच शिकला होता. परत येताना त्याने ते भरण्याचे हातयंत्रही आणले. इथे कायोटी नाही. इथे आहेत वाळवंटी खोकडे आणि मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या. कोवळी कोकरे दोघेही उचलतात. बंदूक परवान्याची होती. परक्या देशातल्या कामगाराने काडतूस भरणे मात्र कोणत्याही परवान्यात बसत नव्हते, हे पुढे सगळ्यात महत्त्वाचे ठरले.

काडतुसे भरायचा तो अरबाबाच्या घरचा सुतार. सिंधुदुर्गातला, माझ्या गावापासून दोन डोंगर पलीकडचा. बायको-मुले गावी, हा इथे एकटा. कपाटे, दरवाजे, वाड्याची कुंपणे हे त्याचे काम. आधीच्या हिवाळ्यात अरबाब स्वतः शेजारी उभा राहून दारूचे वजन करायचा आणि हा फक्त यंत्राचा दांडा ओढायचा. या हिवाळ्यात अरबाबाची पाठ धरली. त्याने यंत्र, दारूचा डबा, छर्ऱ्यांची पिशवी असे सगळे सुताराच्या स्वाधीन केले आणि तो दिवाणियात, म्हणजे पुरुषांच्या बैठकीत, गप्पा मारायला मोकळा झाला. हे मला कळले तेव्हा मी सुताराला म्हणालो होतो, हे तुझे काम नाही, नाही म्हणून सांग. तो हसून म्हणाला होता, “मास्तरांनू, अरबाबाक नाय म्हणूचा असता तर मी कुवेतात कित्याक इलंय असतंय?”

बंदूक फुटल्यावर दोन दिवसांनी तो मला आमच्या इमारतीच्या जिन्यात बसलेला सापडला. मी जाब्रिया या उपनगरात राहतो. ज्याच्या हातात बंदूक फुटली तो अरबाबाचा मेहुणा जवळच्याच एका इस्पितळात होता. सुतार त्याची चौकशी करायला तिथे गेला आणि मेहुण्याच्या भावांनी त्याला हाकलून दिले. मेहुण्याच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली होती. भावांचे म्हणणे, यानेच काडतुसात मुद्दाम जास्त दारू ठासली. त्याने ते नाकारले नव्हते, कारण काय झाले हे त्यालाच कळत नव्हते. तो फक्त एवढेच म्हणत होता, की देव कोपला.

त्याच संध्याकाळी अरबाबाचा मला फोन आला. सुताराचे हिंदी-अरबी तोडकेमोडके. त्याची कबुली नीट भाषांतर करून द्यायला मी पुढच्या शुक्रवारी जाखुरावर यावे, असे त्याने मला सभ्य इंग्रजीत सांगितले. कबुली. म्हणजे काय घडले हे ठरून गेले होते. फक्त भाषा बदलायची राहिली होती. तक्रार पोलिसांत गेली तर काडतुसे कोणी भरली हे पहिल्यांदा विचारले जाईल, आणि तिथून या माणसाला सोडवणारा कोणी नव्हता. मी येतो म्हणालो, पण अट घातली: आधी मला बंदूक दाखवायची.

आमच्या मराठी मंडळींतही बातमी पोचली होती. एकाने मला फोनवर सांगितले की पगारवाढ नाकारली म्हणून त्याने डूख धरला असणार. दुसऱ्याने सांगितले की परदेशात येऊनही यांची अंगात येणारी दैवते सुटत नाहीत, भोगा आता. दोघेही शिकलेले. दोघांनीही बंदूक पाहिली नव्हती. मी फोन ठेवला आणि बराच वेळ हात धुवत राहिलो.

वाचकाला इथे काडतुसाची रचना माहीत हवी. बुडाशी टोपी, तिच्यावर दारू, दारूवर बोळा, बोळ्यापुढे छर्रे, आणि तोंड दुमडलेले. बोळा आता प्लास्टिकच्या पेल्यासारखा येतो. टोपीवर घोडा आदळला की दारू पेटते आणि बोळा छर्ऱ्यांना पुढे लोटतो. एवढेच. भांडण सगळे दारूच्या प्रकाराचे आहे, पण तिकडे नंतर येतो.

बंदूक घोंगडीत गुंडाळून जाखुराच्या खोलीत ठेवली होती. मी ती उघडी केली. काडतूस बसते तो खण शाबूत होता, बिजागरीही. नळी फाटली होती ती पुढे, डाव्या हाताने जिथे पकडतात तिथे, आणि फाटलेल्या जागेच्या मागच्या कडेला धातू चहूबाजूंनी बांगडीसारखा फुगला होता. मी अरबाबाला ती बांगडी बोटाने दाखवली. दारू जास्त झाली असती तर नळी मागे, खणापाशी फुटली असती. जोर तिथेच सर्वांत जास्त असतो. पुढे बांगडी उठते ती वाटेत काही अडकले असेल तेव्हा. हे त्याला माहीत होते. तो अमेरिकेत शिकला होता. त्याने मान हलवली.

फाटलेल्या धातूच्या कडेत काहीतरी तपकिरी अडकले होते. मी चिमट्याने ओढले. जळून काळपटलेले धागे. ते हातात घेताच मला कळले, कारण आमच्या घराच्या मागे पावसाळ्यापूर्वी त्याचा ढीग लागलेला असायचा. नारळाचे सोडण. कुवेतच्या वाळवंटातल्या बंदुकीच्या नळीत.

मी सोबत आलेल्या सुताराकडे वळून विचारले, हे इथे कसे आले. मग त्याने सांगितले, आणि जसजसा तो सांगत गेला तसतसा माझा राग दिशा बदलत गेला.

आमच्या भागात शेतराखणीच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका आहेत. रानडुक्कर शेतात उतरते, म्हणून. त्याच्या गावचा रिवाज असा, की नव्या हंगामातला पहिला बार देवाचा. त्यात दारू घालायची, सोडणाचा बोळा ठासायचा, पण छर्रे घालायचे नाहीत. देवाच्या नावाने कोणाचा जीव घ्यायचा नाही. गाऱ्हाणे घालायचे, सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे आणि बार आकाशात सोडायचा. मोठा आवाज होतो, डोंगर घुमतो, देवाला पोचले असे मानतात. या वर्षी पहिल्यांदाच सगळे काम त्याच्या हाती आले होते. त्याच्या लेखी तो त्याचा हंगाम होता. म्हणून त्याने पहिले काडतूस देवाचे भरले. दारू मापाने, वर प्लास्टिकचा बोळा, आणि छर्ऱ्यांच्या जागी पूजेच्या नारळाचे सोडण. बुडाला कुंकवाचे बोट लावले.

आता दारू. गावची ती काळी दारू. तिला पुढे ओझे असो नसो, ती भडकन जळते. या डब्यातली नवी, बिनधुराची. ही दारू पुढे अडवणारे वजन असेल तरच नीट जळते. कुकरवर शिट्टी ठेवली नाही तर आत दाब चढत नाही, वाफ नुसती निघून जाते, तसेच. छर्ऱ्यांचे वजन नसल्यामुळे ती अर्धवट जळाली, आणि जो काही जोर झाला त्याने बोळा आणि सोडण नळीच्या मध्यापर्यंत ढकलून सोडले. देवाचा बार तिथेच राहिला. त्याच्या मागून खरे काडतूस आले. मी बाहेर शेकोटीजवळ जमिनीवर गुडघे टेकून शोधले, तेव्हा कुंकू लावलेली, झाडलेली नळकांडी सापडली आणि तिच्यात न जळलेल्या दारूच्या चकत्या अजून खडखडत होत्या.

एवढ्याने उत्तर पूर्ण व्हायला हवे होते. पण बंदूक आपोआप दुसऱ्यांदा उडत नाही.

सुताराने ते काडतूस मेहुण्याच्या हातात देताना हिंदीत सांगितले होते: पहिला खाली, भगवान का, ऊपर मारो. खाली म्हणजे बिनछर्ऱ्याचा. मेहुण्याने ते हसत घेतले आणि हसत वर झाडले. फुस्स झाले. हे मला सुताराने सांगितले आणि अरबाबाने दुरुस्त केले नाही. शेकोटीभोवती बसलेले पाहुणे हसले. कोणीतरी म्हणाले की हिंदी देवाला सर्दी झाली आहे. तेवढ्यात कुंपणापाशी खोकड दिसले. मेहुण्याने नळी बिजागरीवर मोडून उघडली, दुसरे काडतूस घातले आणि झाडले.

“आवाज तुम्ही ऐकलात?” मी अरबाबाला विचारले.

तो शेकोटीजवळच्या गालिच्यावर बसला होता, त्या दिवशी बसला होता तिथेच. त्याने कॉफीचा छोटा पेला पालथा ठेवला.

“ऐकला.”

“आवाज दबका आला तर काय करायचं, हे तुम्हाला शिकवलं होतं ना?”

“नळी उघडायची. उजेडाकडे धरून आरपार बघायची. कोणीही हे शिकतो.”

“मग?”

“सगळे हसत होते,” तो म्हणाला.

मी शिक्षक आहे. वर्गात आवाज चढवत नाही. तिथेही चढवला नाही. ज्याला नियम माहीत नव्हता त्याची कबुली घ्यायला मला बोलावले होते. ज्याला माहीत होता तो दहा पावलांवर बसून हसत होता. मेहुण्यालाही माहीत असणार. बंदूक हाती घेणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगतात ती ही गोष्ट. आणि सुतार? त्यानेही तो आवाज ऐकला. गावी प्रत्येक बारापूर्वी गज नळीत घालून पाहणारा माणूस तो. पण त्या वेळी तो डोळे मिटून, हात जोडून उभा होता. फुस्स झाले तेव्हा देवाने बार घेतला नाही या भीतीने तो जागच्या जागी थिजला. आवाजाचा अर्थ त्याने वर शोधला. तो नळीत होता. मला त्याचाही राग आला, आणि तो मी लपवणार नाही.

मी अरबाबाला सांगितले की भाषांतर करण्याजोगी कबुली इथे एकच ऐकू आली आणि ती इंग्रजीतच आहे. त्याने गालिच्यापलीकडच्या वाळूत काडीने एक रेघ ओढली. मग म्हणाला की तक्रार होणार नाही, मेहुण्याच्या भावांना तो सांगेल. काय सांगेल, असे मी विचारले. चुकून झाले, तो म्हणाला. कोणाच्या चुकीने, हे त्याने सांगितले नाही. सुताराचा व्हिसा मात्र रद्द होणार होता. घरात बायकामाणसे त्याला घाबरतात, हे कारण. म्हणजे तुरुंग टळला, भाकरी गेली. हे ऐकल्यावर मी न्यायाबद्दल जे काही बोललो ते लिहिण्यात अर्थ नाही. त्याचा उपयोग झाला नाही.

परतीच्या गाडीत सुतार पाठीमागे बसला होता. मी म्हणालो, तू मुद्दाम केले नाहीस हे आज सिद्ध झाले, निदान तेवढे घेऊन जा. तेव्हा तो बोलला.

“मास्तरांनू, देवाक मधी कित्याक आणलात? माका गाढव म्हणाचा होता. दारू भरूक येना नाय, इतक्याच सांगाचा होता.”

“मग तू तुरुंगात गेला असतास.”

“गेलंय असतंय. आता गावात काय सांगू? देवाच्या बारान माणसाची बोटा नेली?”

“देवाच्या बाराने नेली नाहीत. पुढचा बार बघितल्याशिवाय सोडला, त्याने नेली.”

“ह्या तुम्ही सांगतास,” तो म्हणाला. “गावात तुमची शाळा नाय.”

विमानतळावर त्याला सोडायला मी गेलो. सामानात त्याचा रंधा होता. तपासणीवाल्याने तो बाहेर काढून उलटसुलट पाहिला आणि परत ठेवला. मला त्याने नमस्कार केला, पण वर पाहिले नाही. हल्ली गावी फर्निचरची कामे करतो असे ऐकतो. गावच्या पहिल्या बाराला मात्र तो जात नाही म्हणे. पाहुणे म्हणून बसलेले ते सगळे पुढच्या हिवाळ्यात पुन्हा त्याच गालिच्यावर बसले, हे मला अरबाबाच्या ड्रायव्हरने सांगितले. नवी बंदूकही आली.

गावाचे आणि देवाचे नाव मी लिहिलेले नाही. तेवढे मी त्याचे ऐकले. बाकीचे लिहिले, कारण आमच्या मंडळींत अजून डूख आणि कोप या दोनच गोष्टी सांगितल्या जातात आणि दोन्ही खोट्या आहेत.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. बंदुका दुरुस्त करणारा एखादा परवानाधारक कारागीर तुमच्या तालुक्यात असेल, त्याच्याकडे जा. फुटलेली नळी दाखवायला सांगा आणि ती कुठे फुगली आहे ते पाहा. बिनधुराच्या दारूपुढे वजन नसेल तर काय होते, ते त्याला विचारा. मी चुकलो असेन तर मला कळवा. तेवढे एकदा स्वतः तपासून पाहा, ही विनंती.