धुतलेला कांदा

मागच्या वर्षी मी प्रोजेक्टात नापास झालो ते माझ्याच आळसानं. मोबाईलवर जे सापडलं ते उचललं आणि फाईलला चिकटवलं, वाचलंसुद्धा नाही. मॅडमनी फाईल परत केली. म्हणाल्या, "पुढच्या वर्षी दुसऱ्या गटात बस. तेव्हाही असंच केलंस तर पदवी विसर."

म्हणून मी वर्षानं लहान असलेल्या तिघांच्या गटात येऊन पडलो. विषय तोच, कांद्याची साठवण. वयानं मोठा म्हणून म्होरक्या मीच, आणि माझा तोरा काय विचारता. व्हॉट्सअ‍ॅपवर फर्मान काढलं, रोज पाच लिंका टाका. आठवड्यात नुसता ढीग झाला. कुठली कुणी वाचली, कुठली दोनदा आली, देवाला ठाऊक. कुणी विचारलं की मी खेकसायचो.

गटात येडगावची एक मुलगी होती. तिनं एकही लिंक टाकली नव्हती. मी तिला सगळ्यांदेखत सुनावलं. ती शांतपणे म्हणाली, "दादा, रविवारी समदी घरी या. आईचं कांदं निवडायचं चाललंय, तितंच बसू."

गेलो. कांदा साठवायच्या बराखीपुढं तिची आई निवडायला बसली होती. "या पावणं, बसा," म्हणाली आणि हात चालूच. मोठा कांदा गोळ्यात, बारका गोल्टीत, मोड आलेला न् नासका बदल्यात. मुलीनं क्रेटवर लॅपटॉप उघडला. आमच्या लिंकांचेही तिनं तेच तीन ढीग केले होते. कुणी लिहिलंय, कुठून आणलंय ते कळतं, तो गोळा. कामाची पण पडताळून घ्यायची, ती गोल्टी. उरला तो बदला. प्रत्येकीसमोर कारण लिहिलेलं. आम्ही टाकलेली एकूण एक लिंक या पोरीनं वाचली होती.

"बदल्याचं कारण कशाला लिहायचं?" मी विचारलं.

"आई म्हणती, टाकायचा कांदा बी हातात घेऊन बघायचा."

मी माझी आवडती लिंक गोळ्यात शोधायला लागलो. सुरेख मराठी, आकृत्या, अख्खं तिसरं प्रकरण मी तिच्या जिवावर लिहिणार होतो. ती निघाली बदल्यात. माझं टाळकंच सटकलं. "कुणाला विचारून टाकलीस?"

ती उठली, मला बराखीमागं घेऊन गेली आणि मोबाईल हातात दिला. "वाचा."

'साठवणीपूर्वी कांदा स्वच्छ धुऊन घ्यावा.'

धुतलेला कांदा आठवडाभरात सडतो, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. मी जुन्नरचा, घरी कांदा पिकतो, आणि ही ओळ माझ्या नजरेखालून गेलीच नव्हती.

"आता शेवटचं पान बघा."

शेवटच्या पानावर माझं नाव होतं. मागच्या वर्षीची माझीच फाईल कुणीतरी नोट्सच्या साईटवर चढवली होती. मी ती कधी वाचलीच नव्हती, मग ओळखणार कुठून?

"बाकीच्यांना दाखवलंस?"

"न्हाई. कशाला?"

यादीत त्या लिंकेसमोर तिनं एवढंच लिहिलं होतं, 'कांदा धुवायला सांगते.' मी तिला चारचौघांत बोललो होतो, तिनं मला आडोशाला नेलं. हे उपकार माझ्यानं फिटायचे नाहीत. त्या दिवसापासून मी वाचायला बसलो, बदल्यासकट.

तोंडी परीक्षेला मॅडमनी तिन्ही याद्या पाहिल्या. त्यांचं बोट नेमकं त्या ओळीवर थांबलं. "ही लिंक कुणाची?"

डोळ्यांपुढून पदवी निघाली होती. तरी म्हणालो, "माझीच फाईल आहे ती, मॅडम. मागच्या वर्षीची."

मॅडमनी चष्मा काढला. "ह्या वेळी वाचलंयस?"

"सगळं."

मग अर्धा तास त्यांनी एकट्या मलाच विचारलं, आणि मी सांगत गेलो. शेवटी त्यांनी सही केली.

बाहेर आल्यावर मी त्या पोरीचे आभार मानणार, तेवढ्यात तीच माझ्यावर उखडली. "तुमाला गप बसता येत न्हाई का, दादा? मी लपवलं व्हतं ना."