जेवणाबरोबरची गोळी

आमच्या मुळशीत लग्न म्हटलं की माईकवर एक जाणता माणूस लागतो. कोण आलं, कुठल्या गावचं आलं, कुणाचा व्याही, कुणाचा मामा, सगळ्यांची नावं घेऊन स्वागत करायचं. एखाद्याचं नाव राहिलं तर तो न जेवता गाडीला किक मारतो आणि वर्षभर तोंड फिरवून जातो. हे काम आमच्या मालकांचं. भात लावणं, कापणं चालूच, पण खरा जीव माईकमध्ये. कागद कधी हातात धरला नाही, सगळी नावं तोंडपाठ.

त्यांची बायपास झाली ती पाऊस सुरू व्हायच्या आधी. ऑपरेशन छान झालं, पण नंतर हृदयाचा ठोका वेडावाकडा पडायला लागला. पुण्यातल्या डॉक्टरांनी समजावलं, ठोका असा चुकला की हृदयात रक्त साकळतं, गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर हात, पाय, वाचा, काहीही जाऊ शकतं. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी.

"हात जाऊ द्या हो डॉक्टर, वाचा तेवढी संबाळा," हे म्हणाले. डॉक्टर हसले. मला मेलं हसू कुठलं यायला!

आधी जुनी गोळी दिली. स्वस्त, पण तिचे नखरे फार. सारखं पौडला जाऊन रक्त तपासायचं. कधी रक्त इतकं पातळ की दाढी करताना कापलं तर टॉवेल भिजायचा, कधी इतकं घट्ट की डोस वाढवा. त्यात पालेभाजीवर नजर. पालेभाजी खा, पण रोज सारखीच खा, आज ताटभर आणि उद्या काहीच नाही असं नको. आता आमच्याकडं पावसात बांधाबांधावर टाकळा नि कुरडू माजलेला, आणि ह्यांना पाल्याचं भारी वेड.

"मी काय शेळी हाय का, मोजून पाला खायाला?" असं म्हणून उठायचे आणि बहिणीकडं जाऊन चापून खाऊन यायचे. मग रिपोर्ट बिघडायचा, आणि मी बडबडायची.

लेक महाळुंग्याला फ्लॅटवर राहते. तिनं फोनवर सगळं वाचून काढलं आणि डॉक्टरांनाच विचारलं, नवी गोळी का नको? डॉक्टर म्हणाले, चालेल. ह्यांची झडप बदललेली नाही. धातूची झडप बसवली असती तर जुनीच घ्यावी लागली असती. नवी महाग, पण सारखं रक्त तपासायला नको, पालेभाजीचं बंधन नको. फक्त दोन गोष्टी. जुन्या गोळीचा असर काही दिवस रेंगाळतो, हिचा दिवसभरात उतरतो, म्हणून चुकवायची नाही. आणि रात्री जेवणाबरोबरच घ्यायची. उपाशी पोटी घेतली तर अंगी लागत नाही.

हे खुशीत आले. तुळशीचं लग्न झालं तसे पुन्हा माईकवर उभे राहिले. भूगावच्या लॉनवर पहिल्या लग्नात आवाज जरा कापला, मग मोकळा झाला. मी बायकांत बसून ऐकत होते आणि उगाच डोळ्याला पदर लावत होते. ते वर्ष खरंच चांगलं गेलं.

मग नवरात्र आलं. आदल्या साली ऑपरेशनमुळं उपवास धरला नव्हता, त्याची ह्यांना चुटपुट लागून राहिली होती. ह्या साली नऊच्या नऊ दिवस धरायचे म्हणाले. मी धरतेच. भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळी, पोटभर व्हायचं. गोळ्या ते आपल्या आपण घ्यायचे, पाकीट सदऱ्याच्या खिशात.

सातव्या माळेला सकाळी हे घटावर झेंडूची माळ चढवत होते. माळ हातातून निसटली. मी म्हटलं, "अवो, नीट धरा की." त्यांनी माझ्याकडं बघितलं, तर तोंड एका बाजूला गेलेलं. बोलायला बघत होते आणि नुसता घशातून आवाज येत होता. गाडीत घालून पुण्याला नेलं. चांदणी चौकात अडकलो तेव्हा मी खिडकीतून हात जोडत होते, ज्याला त्याला, वाट द्या म्हणून.

डॉक्टरांनी विचारलं, गोळी चालू होती का? मी ह्यांच्या खिशातलं पाकीट काढलं. घट बसल्यापासूनच्या गोळ्या तशाच.

"उपाशी होते का?"

"न्हाई, रोज फराळ करत होते की."

"मग गोळी का नाही घेतली?"

काय सांगू? आमच्यात फराळ म्हणजे जेवण नव्हे. भगरीनं पोट तुडुंब भरलं तरी माणूस उपाशीच. डॉक्टर म्हणाले होते जेवणाबरोबर घ्या, उपाशी पोटी नको. जेवण नाही, म्हणून गोळी नाही. जन्मभर कुणाचं ऐकलं नाही ह्या माणसानं, तंबाखू सोडा म्हणून मी डोकं फोडून घेतलं, आणि ऐकलं ते हे एवढंच! डॉक्टरांच्याही घरी कुणी उपवास धरत असेल. पण त्यांनाही सुचलं नाही, लेकीलाही नाही.

घरी आले ते उजवा हात लुळा घेऊन, आणि एकच शब्द घेऊन, "न्हाई". चहा देऊ? न्हाई, आणि कपाला हात पुढं. लोक लग्नाच्या पत्रिका द्यायला येतात, हे पत्रिकेवरून बोट फिरवत बसतात. ओळखतात सगळ्यांना, नाव ओठापर्यंत येतं आणि तिथंच मरतं. मग ते माझ्याकडं बघतात, मी नाव सांगते, आणि ते मान हलवतात. मला ते बघवत नाही. आत जाऊन रडते.

आता गोळी तिसरीच आहे. सकाळ-संध्याकाळ, पोट भरलेलं असो नाहीतर रिकामं. मीच हातानं देते. हीच आधी का दिली नाही, असं एकदा विचारलं मी. लेक म्हणाली, "आई, तेव्हा तीच बरी वाटली होती."

यंदा घट बसले. संध्याकाळी मी ह्यांच्यापुढं भाकरी नि शेपूची भाजी ठेवली. त्यांनी घटाकडं बघितलं आणि ताट सारलं.

"बरं, जेवू नका. ही गोळी उपाशीपोटी चालती. गोळी तेवढी घ्या."

"न्हाई." दात घट्ट मिटलेले. उपवास म्हणजे गोळीही बंद, हेच डोक्यात बसलेलं.

मी विनवलं, ओरडले, पुन्हा विनवलं. "गेल्या साली काय दिलं वो देवीनं तुमाला?" मी म्हणाले. मान भिंतीकडं वळवली त्यांनी. हात लावला तर अंग ताठ.

मग मी घटासमोर बसले. लग्न झाल्यापासून एक नवरात्र सोडलं नव्हतं मी, बाळंतपणाचं तेवढं सोडून. त्यांचंच ताट ओढलं, भाकरी मोडली आणि खाल्ली. त्यांनी वळून बघितलं. मी दुसरा घास घेतला.

"न्हाई, न्हाई," करत डावा हात पुढं आला, माझ्या हातातली भाकरी काढायला. डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"मोडला माझा. घरचा उपवास मोडला. आता तुमी एकट्यानं धरून काय करणार?"

मग त्यांनी तोंड उघडलं. मी गोळी दिली, पाणी दिलं, वर भाजी-भाकरीचा घास भरवला.

जेवण झाल्यावर त्यांनी डावा हात कपाळाला लावला आणि घटापुढं मान खाली घालून बसून राहिले. माझ्यासाठी देवीची माफी मागत होते, ते मला कळलं. मी मागितली नाही.