मेथीच्या जुड्या आणि माझी बहीण

जेल चोळायचं नसतं, हे माझ्या हाताला शिकवायला बरेच दिवस गेले. आयुष्यभर मी मलम म्हटलं की चोळलंच. गुडघ्याला, कंबरेला, सर्दी झाली की छातीला. नातीच्या जखमेवरचं हे जेल मात्र नुसतं ठेवायचं असतं. हातमोजे घालायचे, जखम हलकेच धुवायची, जेलचा पातळ थर द्यायचा आणि वर न चिकटणारी पट्टी. नळी एकदा उघडली की त्याच वेळेपुरती, उरलं तर फेकायचं. जन्म दुकानात गेलेल्या माणसाला हे फेकणं जड जातं. एकदा मी उरलेल्या नळीला टोपण लावून ती फ्रिजमध्ये ठेवली. सुनेनं ती कचऱ्यात टाकली.

"मामाजी, हे लोणचं नाई मुरत ठेवाले."

नात पहिलीत आहे. तिचं कातडं जन्मापासून कच्चं. चपलेचा पट्टा घासला तरी फोड येतो, फोड फुटला की साल निघते. नागपूरच्या डॉक्टरांनी हे जेल लिहून दिलं. कुठल्याशा भूर्जाच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून करतात म्हणे. परदेशातून येतं, चिठ्ठीशिवाय मिळत नाही. यानं रोग जात नाही, जखम जरा लवकर मिटते. तिच्या पाठीवरचा एक चट्टा, जो मी कायम ओलाच पाहिला होता, तो जेल सुरू केल्यावर हळूहळू बंद झाला. त्या दिवशी सुनेनं शेजारी शिरा वाटला.

माझ्या तोंडून जे निघून गेलं, ते अशाच एका सकाळी. सून पट्टी ठेवत होती, मी कोपरापाशी हात धरून होतो. पट्टी अलगद बसली तसं मी म्हणालो, "अगदी केळीच्या पानासारखी बसते. आई असंच ठेवायची."

"कोणाले ठेवायच्या?" सुनेनं विचारलं.

नातीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "आबाजी, सांगा ना, कोणाले?"

मला एक बहीण होती. हे वाक्य मी त्या सकाळपर्यंत कोणापुढे उच्चारलं नव्हतं. माझ्या मुलाला आत्या होती हे त्याला माहीत नव्हतं, आणि त्याची आई तर हे न कळताच गेली. किती भावंडं, असं कोणी विचारलं की मी "आम्ही दोघे भाऊ" म्हणायचो. आमच्या घरात हेच उत्तर ठरलेलं होतं. कातड्याचा असा रोग घरात आहे हे बाहेर कळलं तर आमची लग्नं जुळणार नाहीत, असं वडीलधाऱ्यांचं म्हणणं. पाहुणे आले की तिची खाट मागच्या खोलीत जायची. तिचा एकही फोटो नाही.

ती माझ्याहून मोठी होती. सेलूला आमचं घर दुकानाच्या मागे. वडील कापसाचा व्यापार करायचे. नदीकडच्या अंगाला तेव्हा केळीच्या बागा होत्या. आई रोज सकाळी मला तिकडे पिटाळायची, नुकतं उलगडलेलं कोवळं पान आणायला. ते पान धुऊन, त्याला खोबरेल लावून आई बहिणीच्या पाठीखाली घालायची. कापड चिकटायचं आणि सुटताना साल घेऊन यायचं. पान चिकटत नसे. कोणी सांगितलं होतं आईला, कोण जाणे. पान आणताना फाटलं की बहीण मला शिव्या द्यायची. "एक पान धड आणता येत नाई तुले. बैल हायेस बैल."

तिची बोटं हळूहळू एकमेकांना चिकटत गेली होती, मुठीसारखी. तरी पाढे मला तिनंच शिकवले. मी खाटेपासून हातभर दूर उभा राहायचो आणि ती छताकडे पाहत बोलायची. कधी मला तिला हात लावावासा वाटायचा, लहान भावाला वाटतो तसा. ती म्हणायची, "दूरच राह्य. मी पिकेल केळं हाय. बोट लागलं का डाग."

दिवाळीनंतर बाजूची खोली कापसानं छतापर्यंत भरायची. आम्ही भाऊ उंबऱ्यावरून त्यात उड्या मारायचो, नाकातोंडात तंतू जायचे, आई ओरडायची. बहीण खाटेवरून पाहायची. एक दिवस वडिलांना राहवलं नाही. जगात कापसाहून मऊ काय असतं? त्यांनी तिला पानासकट उचललं आणि कापसाच्या ढिगावर ठेवलं. ती इतकी हसली की पान खालून सरकून गेलं. मग काय व्हायचं ते झालं. पाठीवरच्या सगळ्या जखमांना कापूस चिकटला. आई दुपारभर कोमट पाणी सोडत एकेक तंतू काढत होती. वडील दाराशी खाली मान घालून उभे. दुखत असतानाही ती त्यांना म्हणाली, "बावा, आता माही वात करा अन् लावा देवापुढं." वडील हसले आणि डोळे पुसत बाहेर निघून गेले. त्यांना रडताना मी पाहिलं ते तेवढंच.

पुढे एका वर्षी जखमा पिकल्या, ताप उतरलाच नाही. ती गेल्यावर कोणी तिचं नाव घेतलं नाही. आईला मात्र घरातल्यांनी शेवटपर्यंत एकच विचारलं. पोटुशी असताना ग्रहणात काही कापलं-चिरलं होतं का? आई आठवत नाही म्हणायची. पण त्यानंतर प्रत्येक ग्रहणात ती हात मांडीवर ठेवून भिंतीला टेकून बसायची. पाणीसुद्धा स्वतः घ्यायची नाही. म्हातारपणीही.

हे सगळं मला ठाऊक होतं. आणि तरीही नातीच्या बारशाला, समुद्रपूरला सुनेच्या माहेरी, पाळण्यातल्या पोरीच्या पायावरची निघालेली साल पाहून, भरल्या घरात मीच विचारलं, "ग्रहणात काही कापलं-चिरलं होतं का?"

विहीणबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांची भाजीपाल्याची शेती. ग्रहणाच्या दिवशी दुसऱ्या दिवसाच्या बाजारासाठी मेथी निघाली होती. सगळ्या बाया जुड्या बांधत होत्या, त्यात ही पोटुशी लेकही बसली होती. विळ्यानं मुळं छाटत. बस, ठरलं. त्या दिवसापासून दोन्ही घरांत तेच कारण झालं. मी ते खोडलं नाही. नागपूरला डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, तुमच्या घरात कोणाला होतं का असं?" तेव्हाही मी मान हलवली. नाही म्हणून.

विहीणबाई त्यानंतर आमच्या घरी कधी आल्या नाहीत. एसटीनं भाजीची पिशवी यायची, कंडक्टरच्या हाती. त्या स्वतः येत नसत. नातीला त्यांनी मांडीवर घेतलेलं मी पाहिलं नाही. आपल्यामुळे पोर अशी झाली, आता हात लावून आणखी काय करू, असं त्या लेकीला फोनवर म्हणायच्या. हे मला कळत होतं.

त्या सकाळी हे सगळं मी सुनेला सांगितलं. तिनं हात थांबवला नाही; जेल लावलेली जखम उघडी ठेवून चालत नाही. पट्टी पुरी केली, नातीला टीव्हीपुढे बसवलं, हातमोजे काढले. मला वाटलं, आता बोलेल ते ऐकून घ्यायचं.

"मले सांगून काय होते, मामाजी? मी तं थे ग्रहणाचं कधी मानलंच नोतं." ती शांतपणे बोलली. "मानलं माह्या आईनं. तिले सांगा. फोनवर नाई. जाऊन सांगा."

मी समुद्रपूरची गाडी धरली.

विहीणबाई अंगणात होत्या. जावा, शेजारणी मिळून पालकाच्या जुड्या बांधत होत्या. मला एकट्याला पाहून त्या घाबरल्या. "पोरगी बरी हाय ना?" बरी आहे म्हटलं. घरात चला, थोडं बोलायचंय म्हटलं. आत जाऊन मी सांगितलं. बहीण, केळीचं पान, नातीचं न चोळता लावायचं जेल, आमची लपवाछपवी, बारशातला माझा प्रश्न. डॉक्टर म्हणाले होते तेही सांगितलं, की हा दोष दोन्हीकडून थोडा थोडा यावा लागतो, आईबापांना स्वतःला काही होत नाही, आणि त्यात कोणाच्या हातून काही घडलेलं नसतं.

विहीणबाई म्हणाल्या, "म्हंजे अर्धं तुमचं, अर्धं आमचं."

"हो."

"अर्ध्याचं मी पाहून घेतो. पण थे मेथीचं?"

"मेथीचं काहीच नाही. कधीच नव्हतं."

"अन् हे तुमाले तवाही मालूम होतं."

"ग्रहणाचं खोटं आहे हे नव्हतं मालूम. बहिणीचं होतं."

त्या उठल्या. "इथं नोका सांगू मग. तुमी थे भरल्या घरात इचारलं होतं. चला भायेर."

अंगणात त्यांनी मला बायांपुढे उभं केलं. मी पुन्हा सांगितलं. त्यांच्या थोरल्या जाऊबाईंना कमी ऐकू येतं; त्या म्हणाल्या, "काय म्हन्ते वं थो?" विहीणबाई म्हणाल्या, "जोरानं सांगा, व्याहीबुवा. बारशात तुमचा आवाज मोठा होता." मी जोरानं सांगितलं. रस्त्यावरचा एक सायकलवाला थांबून पाहायला लागला. कोणी हसलं नाही. एक बाई नुसतं "अगाई" म्हणाली आणि जुडीला सुतळी आवळली.

चहा मला कोणी विचारला नाही, आणि तो न विचारणंच बरोबर होतं. विहीणबाई नळावर हात धुऊन आल्या, पदराला पुसत माझ्यापुढे बसल्या.

"थे औषध चोळत नाई म्हन्ता, तं लावता कसं?"

मी हवेत हात धरून दाखवलं. बोट कसं टेकवायचं, थर कसा सोडायचा, पट्टी कशी अंथरायची. त्या बोटांकडे निरखून पाहत होत्या. मग स्वतःच्या मनगटावर करून पाहिलं, आधी जरा जोरात, मग हलकं. जावेनं काही टोमणा मारला तो मला ऐकू आला नाही, पण विहीणबाई तिला म्हणाल्या, "चूप बस वं. मले शिकू दे."

पुन्हा एकदा मनगटावर बोट फिरवून त्यांनी मला विचारलं, "शेवटची गाडी कधी हाय? मी लुगडं बदलून येतो."