आखाजीची चौथी घागर

निघण्याचं कारण सांगायला थोडी लाज वाटते. माझ्या कुमार-कादंबरीचा शेवट अडला होता. नायिका पंधरा वर्षांची, तिच्या मोठ्या भावाने आत्महत्या केलेली. शेवटी ती आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच्या नावाची घागर भरते. नाशिकमध्ये बसून मी हे झकास रंगवलं होतं. संपादकबाईंनी समासात एकच प्रश्न लिहिला: "हे तुम्ही कधी पाहिलंय?"

नव्हतं पाहिलं. मुदतीला आठ दिवस उरले होते. यावलजवळच्या एका खेड्यात माझी कॉलेजची मैत्रीण अलका हिचं माहेर आहे. तिला फोन केला. ती म्हणाली, "ये, मीही तिथेच आहे."

आखाजीला खानदेशात जाणार असाल तर एक दिवस आधी कधीही निघू नका. सगळ्या लेकी त्याच दिवशी माहेरी निघतात. धुळ्याला बस बदलायची होती. दारातच एका आजीबाईंनी मला अडवलं, "कोठे चढी राहिनी, माय? बठ्ठी गाडी भरेल शे." सगळी गाडी भरलेली होतीच, मी तरीही चढले. पारोळा, एरंडोल करत जळगावपर्यंत उभी. रस्ता छान आहे, बायकांना अर्धं तिकीट आहे, पण खिडकीतून येणारा वारा तव्यावरून आल्यासारखा. शेजारी उभ्या असलेल्या एका भाऊंनी मी काय करते ते विचारलं, कादंबरीचा विषयही काढून घेतला आणि फर्मावलं, "ॲक्सिडेंट दाखवा ना ताई. पोरांच्या पुस्तकात असलं काय?" एरंडोल येईपर्यंत त्यांनी मला तीन पर्यायी शेवट दिले. तेवढ्यात संपादकबाईंचा फोन. "पोचलात?" मी फोन बंद केला.

जळगावात मुक्काम केलात तर खोली घेण्याआधी कुलर लावून बघा. माझ्या कुलरमध्ये पाणी नव्हतं, ते मला पैसे भरल्यावर कळलं.

सकाळी भुसावळवरून यावलची बस. तापी ओलांडली की दोन्ही बाजूंना केळीच केळी, आणि उत्तरेला सातपुड्याची धुरकट रेघ. अलका फाट्यावर घ्यायला आली होती. केळीच्या बागेतून घराकडे चालताना ती म्हणाली, "एक सांगायचं राहिलं. आमचा भूषण गेला, गेल्या पावसाळ्यात. स्वतःहून. कारण विचारू नकोस, आम्हालाही असं एक कुठलं सापडलेलं नाही."

भूषण म्हणजे तिच्या भावाचा मुलगा. एकोणीस वर्षांचा.

मी भर उन्हात थांबले. "आणि अशा घरात तू मला घागरी बघायला बोलावलंस?"

"तूच लिहितेस ना ह्याच विषयावर? मग बघ. आणि तू मला पाठवलेली कच्ची प्रत मी तेजलला वाचायला दिलीय. त्याच्या बहिणीला."

इतका राग मला अलकाचा तीस वर्षांत आला नव्हता.

तेजल सोळाची. ओट्यावर माझी पानं घेऊन बसलेली. पाणी देण्याआधीच म्हणाली, "मावशी, तुमची ही मुलगी सारखी रडते. तिला राग येत नाही का?"

"कुणाचा?"

"भावाचा! माझ्या सायकलला कुलूप लावून गेला. किल्ली कुठे ठेवली ते सांगितलंच नाही. पप्पा म्हणतात, कुलूप तोडू. मी तोडू देत नाही."

सायकल भिंतीला टेकून होती, दोन्ही चाकांत हवा नसलेली.

इथे घरातल्या प्रत्येक गेलेल्या माणसासाठी नवी घागर पाण्याने भरतात. वर लहान मडकं, त्याला डेरगं म्हणतात, त्यावर खरबूज आणि सांजोऱ्या. मग घरातला मोठा माणूस नाव घेतो. अलकाच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, तीन घागरी सांगितल्या होत्या: त्यांचे आई-वडील आणि बायको. तेजलने कुंभाराकडून चार आणल्या.

"आपल्यात असं गेलेल्याची भरत नही," आबा म्हणाले. "कितींदा सांगू तुले?"

"मंग तो पाणी कुठी पिईन?"

आबा अंघोळीला गेले. तेजलची आई चुलीपुढे खापरावर मांडे टाकत होती. तिने मान वर केली नाही, पण हातातला मांडा फाटला. मी माझी वही पिशवीत घातली.

तेजलने चौथी घागर भरली, रांगेत ठेवली आणि तिच्यापुढे उकिडवी बसली. मला वाटलं, आता रडेल. माझ्या कादंबरीत तिथे दीड पान रडणं आहे.

"किल्ली कुठी ठेवली ते सांग," ती घागरीला म्हणाली. "नहीतर पुढच्या वर्षी भरणार नही. आईनं तुह्या आवडीचे मांडे केलेत, तेही मीच खाईन. समजलं?"

आबा ओल्या धोतराने दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते आले, तीन नावं घेतली, आणि चौथ्या घागरीशी थांबले.

"हिच्यावर डांगर कोन ठेवीन?" ते खेकसले. डांगर म्हणजे खरबूज, आणि ती तीनच आणलेली होती.

मग त्यांनीच आपल्या बायकोच्या घागरीवरचं खरबूज उचललं आणि चौथीवर ठेवलं. "तुही आजी देईन त्याले. तशीही सगळं त्यालेच द्यायची." आणि म्हणाले, "भूषण." वर्षभरात त्यांनी ते नाव पहिल्यांदा घेतलं, असं अलकाने मला नंतर सांगितलं. त्या क्षणी ती आणि तिची वहिनी चुलीपाशी एकमेकींना धरून उभ्या होत्या.

मांडे आणि आमरस मी पोटभर खाल्ला. त्या घरात नको म्हणणं शक्य नव्हतं. येताना बसमध्ये जागा मिळाली. शेजारच्या बाईंनी काहीही विचारलं नाही, याबद्दल त्यांची मी ऋणी आहे.

घरी येऊन ते दीड पान काढून टाकलं. माझी नायिका आता भावावर ओरडते. संपादकबाई म्हणाल्या, शेवट छोटा झालाय. मी म्हटलं, हो.

सायकलची किल्ली अजून सापडलेली नाही. परवा तेजलचा मेसेज आला. सणानंतर बाकीच्या घागरी उचलल्या, चौथी अजून जागेवर आहे. आबा रोज सकाळी ती भरतात. कुणी विचारलं तर म्हणतात, "हिचं पाणी थंड राहते."