येलदरीच्या फोनचं कुलूप

मी फोन जोडतो. तारांचे नव्हे, इंटरनेटवरून बोलायचे. एका कंपनीची यंत्रणा दुसऱ्या कंपनीच्या यंत्रणेशी बोलती करायची आणि मधल्या वाटेत ते बोलणं कुणाला ऐकू येऊ द्यायचं नाही, हे माझं पोटापाण्याचं काम. दोन्ही कंपन्या आपापल्या कागदावर छापतात, 'सर्वांशी जुळते'. जुळते म्हणे! एकवेळ विहिणी-विहिणींचं जुळेल.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी येलदरीजवळच्या एका गावात, आरोग्य उपकेंद्रात, असाच फोन बसवायला गेलो होतो. गावातल्या बायकांना परभणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंशी थेट बोलता यावं म्हणून तो होता. उपकेंद्राच्या सिस्टरनं घरोघर फिरून सांगितलं होतं, "या फोनवर तुमी बोलणार आन् डॉक्टर ऐकणार. तिसरं कोणी न्हाई." त्या एका वाक्यावर बायका यायला तयार झाल्या होत्या.

सकाळपासून घोडं अडलं होतं. कुलूप लावलं, म्हणजे बोलणं गुप्त ठेवणारी सोय चालू केली, की परभणीला घंटीच वाजेना. कुलूप काढलं की आवाज खणखणीत. दुपारपर्यंत माझं डोकं तापलं. दोन्ही कंपन्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाला. शेवटी निदान आवाज तरी तपासू म्हणून कुलूप काढलं, लॅपटॉपवर बोलणं पकडायला लावलं आणि आतल्या खोलीतून ओरडलो, "सिस्टर, लागली लाइन! बोला."

मला वाटलं, ती एक-दोन-तीन म्हणेल. तिला वाटलं, फोन सुरू झाला. तिनं बाकावर वाट बघत बसलेल्या बाईच्या हातात रिसीव्हर दिला. मी हेडफोन लावला.

"डॉक्टर, छातीत गाठ हाय. चार महिने झाले. घरी कोणाला बोलले न्हाई. दिवाळीनंतर ऊस तोडायला जायचंय. आता सांगितलं तर म्हणतील, कामाला नको म्हणून सोंग करायलीय."

पहिल्या वाक्यालाच मी हेडफोन काढायला हवा होता. काढला नाही. आवाज तपासतोय, ही मीच मला दिलेली सबब. खरं तर पुढं काय, ते मला ऐकायचं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उद्याच या, बघू आपण." ती म्हणाली, "परभणीला एकटी कधी गेले न्हाई. आन् सोबत कोणाला न्यावं तर सांगावं लागंल." मग फोन ठेवल्याचा आवाज आला.

मला स्वतःची लाज वाटली. पकडलेलं सगळं पुसून टाकलं आणि साहेबांना फोन करून अडचण सांगितली. ते म्हणाले, "आवाज येतोय ना? मग राहू दे उघडंच. कोण बसलंय ऐकायला?"

"मी बसलो होतो," म्हटलं आणि फोन ठेवला.

दोष सापडायला संध्याकाळ झाली. उपकेंद्रातल्या फोनच्या डब्याचं घड्याळ लाइट गेली की कित्येक वर्षं मागं जायचं. परभणीच्या यंत्रणेनं ओळखपत्र दाखवलं की आपला डबा म्हणायचा, याची मुदत अजून सुरूच झाली नाही, आणि दार लावून घ्यायचा. बटणाएवढा सेल बदलला, वेळ लावली, कुलूप लावलं, आणि परभणीला घंटी वाजली.

सिस्टरनं चहा आणून ठेवला. "आता तर कोणी ऐकू शकत न्हाई ना, सर?"

हो म्हणून मोटारसायकलला किक मारता आली असती. पण तिच्या तोंडाकडं बघून ते जमेना. मी झालं ते सांगितलं.

तिनं कप परत उचलून घेतला. "घरोघर जबान दिली होती मी," ती म्हणाली. "मला काय सांगता? तिला सांगा. नातवाच्या गोळ्या न्यायला परत आलीय, बाहेर बसलीय."

ओसरीवर ती बसली होती. माझ्या आईच्या वयाची. मी समोर उकिडवा बसलो. "मावशी, माझ्याकडून चूक झाली. दुपारचं तुमचं बोलणं मी ऐकलं."

तिनं पदर पुढं ओढला. "समदं?"

"समदं."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिनं एवढंच विचारलं, "कोणाला सांगितलंस?"

"सिस्टरला एवढंच सांगितलं, की मी ऐकलं. काय ऐकलं, ते नाही."

तिनं गोळ्यांची पुडी कनवटीला खोचली आणि उठली.

"मग उद्या तूच चल माझ्यासंगं परभणीला," ती म्हणाली. "तुला परत सांगायला तर लागणार न्हाई."